अब्बांच्या तबकड्या आणि ३२५ व्होल्ट

व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर म्हटलं की लोक काचेच्या नळ्यांकडे बघतात. आत तांबूस उजेड असतो, मुलांना गंमत वाटते, पाहुणे मोबाइल काढून फोटो घेतात. मागे ठेवलेल्या लोखंडी डब्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. गेले पाच-सहा महिने शाळा सुटल्यावर आणि रविवारी मी ज्यावर खपते आहे, तो हाच डबा: पॉवर सप्लाय. नळ्यांची जोडणी चार संध्याकाळींत झाली होती. बाकी सगळा वेळ या डब्यानं खाल्ला, आणि खायलाच हवा होता, असं मला वाटतं.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. बीएडला हा विषय नव्हता. जे येतं ते अब्बांच्या दुकानातलं. मिरजेत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि शाळा सुटली की मी तिथं बॅटरी धरून उभी राहायची. रेझिस्टन्सवरच्या रंगीत पट्ट्या मी पाढ्यांच्या आधी शिकले, असं अम्मी अजून सांगते. दुकान बंद केलं तेव्हा अब्बांनी दोनच वस्तू घरी आणल्या. एक तबकड्यांची पेटी आणि दुसरा बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डब्यात जुने कंडेन्सर आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले व्हॉल्व्ह. काहींवर बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा शिक्का अजून वाचता येतो.

अब्बा आता ७९ वर्षांचे आहेत. वयानं कान जातात तेव्हा आधी वरचे, बारीक आवाज जातात. ‘स’, ‘श’, ‘फ’ ही अक्षरं हरवतात, त्यामुळे बोलणं ऐकू येतं पण कळत नाही. ज्यांच्या घरी बुजुर्ग आहेत त्यांना हे माहीत असेल: टीव्ही मोठा करूनही ‘काय म्हणाला?’ हा प्रश्न सुटत नाही. खालचे, जाड आवाज मात्र नीट पोहोचतात. आणि जाड आवाज सतत चालू असेल तर त्याच्या वरचे आवाज तो झाकून टाकतो. अब्बांकडे कानाचं यंत्र आहे, पण ते बोलण्यासाठी बेतलेलं. गाणं त्यातून पत्र्यासारखं वाजतं, म्हणून गाणं ऐकताना ते यंत्र काढून स्पीकरजवळ खुर्ची घेतात. आम्ही त्यांच्यासाठी एक तयार प्रीॲम्प आणला होता. त्यातून बारीकसं हमिंग यायचं. आम्हाला ते फारसं जाणवत नसे. अब्बा चार मिनिटांत उठून जात. ‘गाणं मागे राहिलं बेटा, पुढं हे भूत बसलंय,’ म्हणत.

हे भूत कोणत्या स्वरात असतं ते सांगते. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. ती डायोडमधून काढून एकाच दिशेची केली की १०० वेळा. १०० हर्ट्झ म्हणजे पेटीवरच्या मंद्रातल्या पांढरी पाचच्या जवळचा स्वर, तिच्याहून किंचित चढा. मिरज हे तंबोऱ्यांचं गाव. सतारमेकर गल्लीतून जाताना कारागीर तासन्‌तास जवारी जुळवत बसलेले दिसतात. अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले आणि १९३७ साली इंतकालानंतर ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांना दफन केलं. त्यांच्या जुन्या मुद्रणांची एक एलपी अब्बांच्या पेटीत आहे. अशा गाण्याखाली, गायकाच्या षड्जाशी काही देणंघेणं नसलेला एक बेसूर तंबोरा अखंड वाजत राहतो, तो म्हणजे हमिंग. ते चालवून घ्यायचं, हे मला पटलं नाही.

तबकडीच्या बाबतीत ही अडचण जास्तच. तबकडी कापताना खालचे स्वर मुद्दाम बारीक करून कोरतात, नाहीतर खाच इतकी रुंद होईल की एका बाजूवर गाणं मावणार नाही. वाजवताना प्रीॲम्पला ते पुन्हा वाढवावे लागतात. मधल्या स्वरांच्या, म्हणजे १,००० हर्ट्झच्या तुलनेत ५० हर्ट्झ सुमारे सातपट वाढतो, १०० हर्ट्झ साडेचारपट. सुईकडून येतात जेमतेम ५ मिलिव्होल्ट. म्हणजे विजेचा जो हेलकावा आत शिरेल, त्याला प्रीॲम्प स्वतःच खांद्यावर उचलून घेतो.

आता मूळ गोष्ट. अब्बा ती फार सोपी करून सांगत. व्हॉल्व्ह आवाज तयार करत नाही, तो नुसता नळ आहे. सुईचा संदेश नळाची चावी किंचित फिरवतो आणि पाणी येतं ते टाकीतून. आपण ऐकतो ते टाकीतलं पाणी. टाकी हिंदकळत असेल तर नळ कितीही भारी असो, धार थरथरणारच.

म्हणून टाक्यांचा हिशेब केला. मी ईसीसी ८३ जातीचे दोन व्हॉल्व्ह घेतले. प्रत्येकात दोन भाग, प्रत्येक भागाला साधारण १ मिलिअँपिअर, एकूण ४. ट्रान्सफॉर्मर मोटर रिवाइंडिंग करणाऱ्या एका चाचांकडून गुंडाळून घेतला: एका बाजूला २३० व्होल्ट आणि ३० मिलिअँपिअर, दुसऱ्या बाजूला १५ व्होल्ट आणि १ अँपिअर. ‘२३०चे २३०च? मग ट्रान्सफॉर्मर कशाला?’ असं ते हसून म्हणाले. वीज तीच, पण घरातल्या लाइनीशी थेट संबंध तुटतो. ट्रान्सफॉर्मर वाचवून थेट लाइनीवर चालवायचे जुने रेडिओ अब्बांनी पुष्कळ दुरुस्त केले. त्यांच्या पत्र्याला हात लावायची आम्हाला मनाई होती.

२३० व्होल्ट डायोडमधून काढले की कंडेन्सर लाटेच्या शिखरापर्यंत भरतो, म्हणजे १.४१४ पट, ३२५ व्होल्ट. पहिला कंडेन्सर ४७ मायक्रोफॅरडचा. सेकंदाला १०० वेळा तो भरतो आणि मधल्या वेळात थोडा उतरतो. हा उतार माझ्या हिशेबानं १.१७ व्होल्ट आला. सुईचे ५ मिलिव्होल्ट आठवा, म्हणजे हा आकडा केवढा ते कळेल. पुढे १० हजार ओहमचा रेझिस्टन्स आणि पुन्हा ४७चा कंडेन्सर. १०० हर्ट्झच्या हेलकाव्याला हा कंडेन्सर फक्त ३४ ओहमचा अडथळा करतो, त्यामुळे हेलकावा जवळजवळ सगळा त्याच्यातून जमिनीकडे निघून जातो आणि पुढे सुमारे तीनशेवा हिस्सा उरतो: ४ मिलिव्होल्ट. मग अशीच आणखी एक पायरी. आता उरतो व्होल्टाच्या लाखाव्या हिश्शाहून थोडा जास्त. प्रत्येक पायरीवर ४० व्होल्ट खर्ची पडतात आणि शेवटी २४० च्या आसपास मिळतात, जे या व्हॉल्व्हला हवेच असतात. चोक घातला असता तर एवढे व्होल्ट वाया गेले नसते, पण तो जड आणि महाग. इतक्या थोड्या करंटसाठी साधा रेझिस्टन्स पुरतो.

आकडेमोडीत एक गोष्ट दिसत नाही, ती बटण दाबल्यावर घडते. व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट लागतं. तोवर ते करंट घेत नाहीत, म्हणून रेझिस्टन्सवर काही खर्ची पडत नाही आणि तिन्ही कंडेन्सरवर पूर्ण ३२५ येतात. रात्री उशिरा आमच्या गल्लीत लाइन २५० पर्यंत चढते, तेव्हा ३५० च्या पुढे. शेवटच्या कंडेन्सरवर २४० असणार म्हणून कुणी ३०० व्होल्टचा बसवला, तर तो रोज अर्धा मिनिट जुलूम सोसेल आणि एक दिवस फुटेल. मी तिन्ही ४५० चे घेतले, आणि नवे. अब्बांच्या डब्यातले कंडेन्सर मन मोडून बाजूला ठेवले, कारण ते पडून पडून सुकतात. व्हॉल्व्ह मात्र टिकतात. काचेच्या टोकाला आतून चांदीसारखा डाग असतो, तो पांढरा पडला असेल तर हवा शिरली समजायचं. डब्यातल्या चारपैकी तिघांचा डाग अजून आरशासारखा होता.

तापवणाऱ्या तारेलाही स्वतंत्र विचार लागतो. तिला साधी एसी दिली तरी चालते, तारांना पीळ घालून कोपऱ्यातून नेतात. पण तबकडीच्या प्रीॲम्पला मी तो धोका घेतला नाही. १५ व्होल्टची डीसी करून एलएम ३१७ नं १२.६ वर बांधली. दोन व्हॉल्व्हना मिळून ०.३ अँपिअर. त्यात सुमारे २ वॉट उष्णता होते, म्हणून त्या आयसीला ॲल्युमिनियमची पट्टी हवीच.

हे सगळं प्रीॲम्पपासून हातभर दूर, वेगळ्या डब्यात आहे, कारण ट्रान्सफॉर्मरभोवतीचं चुंबकीय क्षेत्र सुईच्या तारांपर्यंत पोहोचतं. ते आलं की कान ओळखतो: ५० चा आवाज जाड, १०० चा बरोबर एक सप्तक वर. वरचा आला तर कंडेन्सर बघा, खालचा आला तर ट्रान्सफॉर्मर फिरवून बघा. तंबोरा जुळवणाऱ्याला हे सांगावंही लागणार नाही.

घरात लेकरं असताना ३२५ व्होल्ट आणायचे, यावर आमच्याकडे बरंच बोलणं झालं. मुलांच्या अब्बूंनी स्पष्ट विचारलं, ‘बंद केल्यावर तर काही होत नाही ना?’ होतं. प्लग काढला तरी कंडेन्सर भरलेले राहतात आणि तेवढ्यानं माणसाचा जीव जाऊ शकतो. म्हणून पहिल्या कंडेन्सरवर २२० हजार ओहमचा, २ वॉटचा रेझिस्टन्स कायमचा जोडला आहे. त्याला आवाजात काही काम नाही. बंद केल्यावर मिनिटभरात तो ५० व्होल्टपर्यंत उतरवतो, दोन मिनिटांत १० च्या खाली. तरी मीटर लावून तिन्ही कंडेन्सर तपासल्याशिवाय आत हात घालायचा नाही, कारण मधला एखादा रेझिस्टन्स तुटला असेल तर पुढचे भरलेलेच राहतील. डब्याच्या पत्र्याला थ्री-पिनचं अर्थिंग, आत फ्यूज, झाकणाला सहा स्क्रू. दोन डब्यांमधल्या जोडणीत वीज येते त्या बाजूला भोकांचं सॉकेट, पिना कधीच नाहीत, म्हणजे वायर निघाली तरी उघड्या पिनांवर ३२५ नकोत.

चालू सर्किटमध्ये तपासताना अब्बांचा दुकानातला नियम होता: एक हात खिशात. दोन्ही हात लागले तर करंट छातीतून जातो. माझ्या कुर्त्याला खिसा नाही, म्हणून डावा हात पाठीमागे. बांगड्या आणि अंगठी कपाटात. नववीतली धाकटी शेजारी उभी राहते, बॅटरी धरून. तिला अजून हात लावायची परवानगी नाही. मीटरवरचा आकडा मोठ्यानं वाचायचं काम तिचं.

गेल्या रविवारी जोडणी पूर्ण झाली. तबकडी न लावता आवाजाची चावी पूर्ण फिरवली. अब्बा यंत्र काढून खुर्चीत बसले होते. त्यांनी स्पीकरवर हात ठेवला, मग माझ्याकडे बघितलं. ‘लाइट गेली का?’

‘चालू आहे अब्बा.’

ते पुढं वाकून बघू लागले. दोन्ही नळ्या तापल्या होत्या. मग खाँसाहेबांची एलपी लावली. पहिली बाजू संपेपर्यंत ते उठले नाहीत. धाकटीनं तबकडी उलटायला हात पुढं केला, तेव्हा त्यांनी तिला थांबवलं आणि फिरणाऱ्या थाळीकडे कान केला.

‘मोटर घरघरतेय,’ ते म्हणाले. ‘आधी ऐकू येत नव्हतं. तेल दे तिला.’