हिंगणघाटचा मुक्काम

हैदराबादहून नागपूरला जाताना यंदा मुद्दाम हिंगणघाटला उतरलो. सोबत शाळेतला एक माजी विद्यार्थी होता. भूगोलाची पदवी घेतलेली. पुढे संगणकीय नकाशाशास्त्र शिकण्याचा हट्ट. ‘नकाशे काढून पोट भरते का?’ हा वडिलांचा प्रश्न. मजजवळही उत्तर नव्हते.

या गावी विल्यम लॅम्बटनची कबर आहे. १८०२ साली मद्रासेहून साखळी व थिओडोलाइट घेऊन त्याने मोजणी आरंभिली. त्रिकोणाला त्रिकोण जोडीत तो उत्तरेकडे सरकला आणि १८२३ च्या जानेवारीत, काम अपुरे असता, येथेच निवर्तला.

कबरीपाशी मुलाने खिशातला फोन काढला. अक्षांश-रेखांश क्षणात उमटले.

“मग आता मोजणाराचे काम उरले काय?” मी विचारले.

“सर, जागा कळते, तिथे काय आहे ते कळत नाही. विहिरी, शेते, नाले, पुराची रेषा यांचे थर एकावर एक मांडावे लागतात. मग घर कुठे बांधू नये ते दिसते.”

पावसाळ्यात आमच्या वस्तीत नाल्याचे पाणी शिरते, ते आठवले. परतल्यावर त्याच्या वडिलांकडे मी आपण होऊन गेलो.