तरीवरचा फोन

मार्वेहून मनोरीला येताना तरीवरच भाचीचा फोन. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत समाजकार्य शिकली, आता लंडनजवळ बालसंरक्षणात. 'सोशल वर्क इंग्लंड'ची नोंदणी मिळाली, पण म्हणते, "मावशी, इथं आधी कायदा वाचायचा, मग दार ठोठावायचं." आपल्याकडे आधी चहा! पहिल्याच घरी तिनं चहा नाकारला, ते तिला अजून खुपतंय. तिथली वरिष्ठ मात्र तासभर नुसतं तिचं ऐकते. मला उमेदवारीत असं कुणी लाभलं नाही.

क्लिफर्ड मॅन्शार्ट अमेरिकेतून आले, आधी काही वर्षं नागपाड्याच्या वस्तीत काम केलं; समाजकार्याची शाळा, म्हणजे आजची टाटा संस्था, काढली ती १९३६ साली. त्यांनीही आधी शिकायला वेळ घेतला. नवख्याला एवढा वेळ द्यायलाच हवा.

पोरीनं सुके बोंबील मागितलेत. वलांडीवरचे अजून ओलेच आहेत.