त्यांचे किती?

कारगिलच्या आकड्यांत मला अजून छळतो तो आपला नाही, समोरच्यांचा. आपले 527 जवान गेले. सरकारनं ते सांगितलं, तिरंग्यात गुंडाळलेल्या शवपेट्या गावोगाव पोचल्या, माणसं अंत्ययात्रांना लोटली. समोरच्यांचे किती गेले, हे त्यांच्याच सरकारनं तेव्हा सांगितलं नाही.

मी त्या वेळी अंबाझरीच्या आयुध निर्माणीत टर्नर होतो. नागपुरात तिला नुसतं ‘डिफेन्स’ म्हणतात. चीनच्या आक्रमणानंतर विदर्भात हे कारखाने उभे राहिले. आमच्याकडे तोफगोळ्याचं रिकामं कवच, भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला स्फोटकं, भद्रावतीला भरणी आणि साठवणीला पुलगावचा डेपो. जून 1999 मध्ये ओव्हरटाइमला कुणी नाही म्हणत नव्हतं. त्या लढाईत आपल्या तोफखान्यानं अडीच लाखांवर गोळे आणि रॉकेटं डागली. कँटीनमधला पेपर दुपारपर्यंत फाटून जायचा आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, ‘त्यांचे किती?’ आकडा मोठा असला की बाकं वाजायची. मीही वाजवली. त्याची मला लाज वाटत नाही. तोलोलिंगवर आपली पोरं उघड्या चढावर, वरून गोळ्या येत असताना चढत होती.

मग बातमी आली की पाकिस्तान मृतदेह घ्यायला तयार नाही. त्यांचं म्हणणं, हे आमचे सैनिक नव्हेतच, मुजाहिदीन आहेत. इथं माझा हात थांबला. खिशात सैन्याची ओळखपत्रं, पगाराची पुस्तकं सापडत होती, घरची पत्रं सापडत होती. माणूस नॉर्दर्न लाइट इन्फन्ट्रीचा, गिलगिट-बाल्टिस्तानच्या कुठल्याशा डोंगरी गावचा, हुकूम झाला म्हणून बर्फात जाऊन बसलेला. आणि ज्यांनी हुकूम दिला तेच म्हणतात, आम्ही याला ओळखत नाही! त्यांना शेवटी दफन केलं आपल्या जवानांनी, मौलवीला बोलावून, नमाज पढून. ज्यांनी आदल्या दिवशी आपले सोबती मारले, त्यांच्यासाठी खडकात कबर खणायची. हे काम मला तरी जमलं नसतं.

टायगर हिलवर त्यांचा कॅप्टन कर्नल शेर खान (‘कर्नल’ हे त्याच्या नावातच आहे) असा लढला की आपल्या ब्रिगेडियर बाजवांनी त्याच्या खिशात चिठ्ठी ठेवली, हा शूर होता, याला मान मिळावा. पुढं त्याला पाकिस्ताननं निशान-ए-हैदर दिलं. म्हणजे त्याच्या शौर्याची पहिली साक्ष शत्रूनं दिली. आणि बाकीचे? 2010 मध्ये पाकिस्तानी सैन्याच्या संकेतस्थळावर बटालिक-कारगिलमधल्या 453 मृतांची नावं दिसली. अकरा वर्षांनी! तोवर त्या घरातल्या बाईनं गावात काय सांगायचं? नवरा सैन्यात होता की नव्हता?

गलवानलाही तेच झालं. 15 जून 2020 च्या रात्री आपले 20 गेले, आपण लगेच सांगितलं. चीननं आठ महिन्यांनी चार नावं दिली. आमच्या वाडीच्या पानठेल्यावर मात्र ‘त्यांचे किती’चा हिशेब तोवर कितीतरी पुढं गेला होता. मला वाटतं, हा प्रश्न आपण विचारूच नये. आपले कसे गेले, कुणाच्या चुकीनं गेले, हे विचारावं. 1962 चा आपला अधिकृत हिशेब 1,383 मृत आणि 1,696 बेपत्ता असा आहे. मृतांपेक्षा बेपत्ता जास्त! त्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल 1963 पासून सरकारनं खुला केलेला नाही. दुसऱ्यांना लपवाछपवीबद्दल बोल लावताना हे आठवायला हवं.

शेजारी कामठीच्या गार्ड्स सेंटरमधून निवृत्त झालेले सुभेदार साहेब राहतात. त्यांना हे सगळं अजिबात पटत नाही. ‘भाऊ, शत्रूच्या विधवा मोजत बसलात तर लढाल कसे?’ असं ते विचारतात. खरं सांगायचं तर उद्या पुन्हा तोलोलिंग झालं तर मी सगळ्यात आधी पेपरात त्यांचाच आकडा शोधीन. पण त्या 453 घरांना अकरा वर्षं खोटं पाडणाऱ्या त्यांच्या सेनापतींबद्दल माझ्या मनात जी चीड आहे, ती समोरच्या खंदकातल्या शिपायाबद्दल कधीच नव्हती, आणि हे मी सुभेदार साहेबांना अजून पटवून देऊ शकलेलो नाही.