माळ रिकामा नसतो

मुलांनो, शाळा सुरू झाली, पावसाच्या चार सरी पडल्या, की तुमच्याकडे काय होतं ते मी न बघताही सांगू शकते. वृक्षदिंडी निघते, पाहुणे येतात, पर्यावरणावर व्याख्यान होतं, टाळ्या पडतात. मग एक खड्डा, एक रोप आणि एक फोटो! अशी व्याख्यानं वाईट मुळीच नाहीत. शाळा-कॉलेजांत पर्यावरण शिकवलं जावं, असं सर्वोच्च न्यायालयानंच १९९१ साली सांगितलं. पण ऐकून झाल्यावर मनात एखादा प्रश्न उरला, तरच ते ऐकणं अंगी लागलं म्हणायचं.

आमच्या सातवीतल्या एका मुलीच्या मनात असा प्रश्न उरला. व्याख्यान आणि त्यानंतरची गटागटांची कार्यशाळा, यांबद्दल सगळ्यांनी वहीत लिहायचं होतं. बहुतेकांनी ‘झाडे आपले मित्र आहेत’ असं छान अक्षरात लिहिलं. हिनं लिहिलं, ‘पाहुणे म्हणाले, माळ रिकामा पडलाय, तिथं झाडं लावा. पण माळ रिकामा नाही. तिथं आमची मेंढरं चरतात. कुंपण घातलं तर ती कुठं न्यायची?’

प्रश्न साधा वाटतो ना? पण सातारा-सांगलीकडे जरा नीट बघा. एकट्या सातारा जिल्ह्यातच एका टोकाला महाबळेश्वर. तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. दुसऱ्या टोकाला माण तालुका, तिथं पाचशेच्या आसपास. मग सगळीकडे एकच औषध कसं चालेल?

साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटरवर कासचं पठार आहे. जांभ्या दगडावर मातीचा पातळसा थर. उन्हाळ्यात पाहिलंत तर म्हणाल, काय हे उजाड! पण पावसाळ्यात तिथं फुलांचे गालिचे पसरतात. ८५०हून अधिक जातींच्या फुलणाऱ्या वनस्पती तिथं नोंदल्या आहेत. मातीत कस कमी, म्हणून दवबिंदूसारखी वनस्पती चक्क किडे पकडून पोट भरते! २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासही जागतिक वारसा ठरलं. तिथं हौसेनं दाट झाडं लावली, तर सावलीनं ही उन्हातली चिमुकली फुलंच नाहीशी होतील.

आता सांगली जिल्ह्यात चला. सागरेश्वरचे डोंगर एके काळी बोडके होते. वृक्षमित्र धो. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, झाडं लावली गेली आणि मुख्य म्हणजे राखली गेली. १९८५ साली तिथं अभयारण्य झालं. माणसांनी उभं केलेल्या त्या रानात आज हरणं फिरतात. म्हणजे कासला जे नको, तेच सागरेश्वरला हवं होतं.

आणि कोरेगाव तालुक्यातलं वेळू गाव? २०१६ साली पानी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत ते पहिलं आलं. तिथं गावकऱ्यांनी आधी पाणी अडवायचं प्रशिक्षण घेतलं, मग कुदळ-फावडी उचलली. आधी समजून घेणं, मग हात चालवणं.

आमच्या कार्यशाळेतही तेच केलं. बूड कापलेला डबा जमिनीत थोडा रोवायचा, त्यात तांब्याभर पाणी ओतायचं आणि ते मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघायचं. झाडाखालच्या भुसभुशीत मातीत पाणी पटकन मुरलं, पायवाटेवर ते तसंच साचून राहिलं. त्या मुलीच्या गटानं माळावर दोरीचा चौकोन आखून त्यातलं गवत मोजलं. नावं सांगायला तिचे आजोबा आले. मारवेल, पवन्या, कुसळी... पुस्तक न उघडता! जवळच उघड्यावर टिटवीची अंडीही दिसली. माळ रिकामा नव्हताच.

गटानं ठरवलं, रोपं ओढ्याच्या काठानं आणि बांधावर लावायची, माळाचं गवत राखायचं. गवताला पुन्हा उगवायला सवड मिळावी म्हणून मेंढरं पाळीपाळीनं एकेका भागात चारायची, ही सूचना आजोबांची. गाव हे सगळं मान्य करील का? अजून ठरलेलं नाही. ग्रामसभेत हा कागद वाचायचाय आणि तो ती मुलगीच वाचणार आहे. तिचं घर त्या माळावर चालतं, तेव्हा तिनंच बोलायला हवं, नाही का?

पालकांनो, मुलांनी घरातला एखादा डबा मागितला तर रागावू नका बरं! आणि मुलांनो, पुढच्या व्याख्यानाला एक प्रश्न वहीत लिहूनच जा: ‘हे आमच्या गावाला लागू पडेल का?’ पाहुण्यांना जरूर विचारा. मग आजोबांनाही विचारा.