गावाने दिलेले नाव

आडनाव ऐकले की आपल्याकडे पहिला प्रश्न मनात उठतो तो जातीचा. श्रीवर्धन तालुक्यात तो फार लवकर अडखळतो.

दिवेआगरचेच पाहा. दिवेकर म्हटले की अनेकांना चित्पावन घर आठवते, संस्कृतचे व्यासंगी डॉ. ह. रा. दिवेकर आठवतात. पण सामाजी हसाजी हेही दिवेकरच, आणि ते बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले यहुदी. कंपनीच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेत पडले, सुटून आले आणि १७९६ साली त्यांनी मुंबईतले पहिले यहुदी प्रार्थनामंदिर बांधले. नाव ठेवले शार हरहमीम, दयेचे द्वार. लोकांनी त्याला जुनी मशीद म्हटले. रायगडच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवून शनिवारी ते बंद ठेवणाऱ्या, म्हणून शनिवार तेली म्हटल्या गेलेल्या या समाजात किहीमकर, पेणकर, रोहेकर, तळकर अशी नावे घरोघर आहेत. कवी निसिम इझिकेल हे तळकरांच्या घरातले.

खुद्द श्रीवर्धनची गोष्ट याहून वेगळी. इथली देशमुखी भटांकडे होती. त्या घरातले बाळाजी विश्वनाथ सिद्दीच्या अमलातून निघून घाटावर गेले, १७१३ मध्ये शाहू महाराजांचे पेशवे झाले आणि पदाचेच नाव घराण्याला लागले. श्रीवर्धनकर हे नाव मिरवतात ती साधी माणसे. त्यांत कोकणी मुसलमान कुटुंबेही आहेत.

गावात राहणाऱ्याला गावाचे नाव सहसा लागत नाही. तो उंबरठा ओलांडून परमुलखात जातो, तिथे कोणीतरी विचारते, "कुठले तुम्ही?" आणि ते उत्तरच पुढच्या पिढ्यांचे आडनाव होते. जर्मनीतही हेच घडले. ग्रामोफोनचा जनक एमिल बर्लिनर जन्मला हॅनोव्हरला, पण आडनाव सांगत होते बर्लिनचे. १९४८ नंतर बहुतेक बेने इस्रायली इस्रायलला गेले, आणि कोकणातल्या गावांची नावे अश्दोद, दिमोनापर्यंत पोचली.

मला या नावांचे मोठेपण यातच दिसते. गावाने नाव देताना कोणाचा देव विचारला नाही. त्याच मातीत वाढलेल्या ब्राह्मणाला आणि शनिवार पाळणाऱ्या तेल्याला त्याने एकच ओळख दिली. ती ओळख आपण आज जात हुडकण्यासाठी वापरतो, हा त्या गावांवर अन्याय आहे. यापुढे कोणी दिवेकर, तळकर, श्रीवर्धनकर भेटले, तर आधी त्यांच्या गावाची चौकशी करा.