वळण शिकविणारी वाट

पुण्याहून निघून कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग आणि तुमकूर अशी मजल दरमजल करीत येणारा महामार्ग बंगळूर शहरात शिरता शिरता पीण्या औद्योगिक क्षेत्राच्या कडेने जातो. महाराष्ट्रातून रात्रीच्या मोटारीने येणाऱ्या प्रवाशाला बंगळूरचे पहिले दर्शन घडते ते उद्यानांचे नव्हे, की राजवाड्यांचेही नव्हे. पहाटेच्या धूसर उजेडात त्याला दिसतात त्या पत्र्याच्या शेडी, पाण्याच्या टाक्या, उभे राहिलेले मालमोटारींचे तांडे आणि डोक्यावरून जाणारा मेट्रोचा लांबलचक पूल. मीही अशीच एका सकाळी तेथे उतरले. कार्यालयाचे काम दोन दिवसांचे होते, पण पिशवीत एक घरगुती कामही होते, आणि तेच अधिक जड होते.

माझी थोरली बहीण कोल्हापुरास असते. भावोजी शिरोलीच्या एका फाउंड्रीत पाळीप्रमुख आहेत. त्यांचा धाकटा मुलगा डिप्लोमा करून पीण्यातील एका लहानशा कारखान्यात सीएनसी यंत्रावर नोकरीला लागला आणि पहिल्या वर्षाच्या शिलकीतून हप्त्यांवर मोटारसायकल घेऊन बसला. पावसाळ्यात एका रात्री गोरगुंटेपाळ्याजवळच्या सेवामार्गावर, वळण घेताना, ती मोटारसायकल त्याच्यासह आडवी झाली. हासळीचे हाड मोडले. दीड महिना हात गळ्यात अडकवून काढावा लागला. ताई तेव्हापासून एकच जप करीत होती. निघताना तिने मला बजावले, "तू त्याची मावशी. माझे तो ऐकत नाही. गाडी विकल्याशिवाय परत येऊ नकोस." मी होकार दिला. होकार देणे त्या वेळी सोपे होते.

पीण्या ही काही पर्यटकांनी जावे अशी जागा नव्हे. पण ज्याला आपला देश कसा चालतो हे पाहावयाचे आहे, त्याने येथे एक दिवस जरूर घालवावा. १९७० च्या दशकात वसविलेल्या या क्षेत्रात आज हजारो लहानमोठे कारखाने आहेत. एका शेडीत दातेरी चक्रे कापली जातात, शेजारी स्प्रिंगा वळल्या जातात, पलीकडे साचे घडतात, त्यापुढे रंगाची भट्टी. गल्ल्यांना नावे नाहीत, 'स्टेज', 'फेज' आणि 'क्रॉस' यांचे आकडे आहेत. कापणीच्या तेलाचा उग्र वास हवेत भरून राहिलेला असतो. दुपारी भोंगा झाला की शेडींतून निळे सदरे बाहेर पडतात आणि कानडी, तमिळ, उडिया, हिंदी, आणि मधूनच आपली बेळगावी मराठी, अशा साऱ्या भाषा एकाच चहाच्या गाडीभोवती गोळा होतात. याच पीण्यात, एका साध्या दिसणाऱ्या आवारात, इस्रोचे उपग्रहांचा मागोवा घेणारे केंद्र आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, त्या वेळी त्याची सूत्रे याच केंद्रातून हलविली जात होती. लोखंडाचा कीस आणि चंद्र यांचा असा शेजार अन्यत्र क्वचितच आढळेल.

भाचा मला मेट्रोच्या स्थानकावर घ्यायला आला, तोही पायी. "मावशी, तुला गाडीवर बसवले तर आई मला जेवू घालणार नाही," तो हसून म्हणाला. आम्ही एका खानावळीत शिरलो. ताटाएवढी तट्टे इडली समोर आली आणि मी विषय काढला. तो शांतपणे ऐकत राहिला. मग म्हणाला, "विकतो. पण त्याआधी एक दिवस मला शिकू दे. श्रीपेरुंबुदूरजवळ शर्यतीची धावपट्टी आहे, तिथे नवशिक्यांचे वर्ग भरतात."

मला वाटले, याच्या डोक्यालाही मार लागला असावा. जो रस्त्यावर पडला, तो आता शर्यतीच्या मैदानात जाणार! मी तसे बोलूनही दाखविले.

त्याने उत्तरादाखल मला आपल्या कारखान्यात नेले. मालकांची परवानगी घेऊन त्याने आपले यंत्र दाखविले. दारावरच एक मोठे लाल बटन होते. "मी इथे आलो तेव्हा पहिले कित्येक दिवस मला या यंत्राला हात लावू दिला नाही," तो सांगू लागला. "आधी नकाशा वाचायला शिकवले. मग हत्यारे ओळखायला. मग हे लाल बटन, काही बिघडले तर काय करायचे ते. त्यानंतर उस्ताद शेजारी उभा राहिला आणि मी पहिला तुकडा कापला. गाडीचे काय झाले? दुकानातून किल्ली घेतली आणि त्याच संध्याकाळी तुमकूर रस्त्यावर आलो. परवान्याच्या परीक्षेत आठाचा आकडा काढून दाखवला होता, तेवढेच माझे शिक्षण. त्या रात्री वळणात मागचे चाक किंचित सरकले. मी घाबरून ब्रेक दाबला आणि गटाराकडे बघत राहिलो. गाडी गटारातच गेली. दुसरे काय करायला हवे होते, ते मला आजही माहीत नाही."

मी निरुत्तर झाले. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली, आणि त्यांतील शेकडा चव्वेचाळीसांहून अधिक दुचाकीवरची होती, हे सरकारी आकडे मी स्वतः भाषांतरित केले होते. भाषांतर करताना मला त्यांत केवळ शब्द दिसले होते. येथे त्यांतला एक आकडा माझ्यासमोर उभा राहून मला प्रश्न विचारीत होता.

मग ती रात्र आम्ही दोघांनी चौकशीत घालविली. भाच्याच्या दोन सहकाऱ्यांनी यापूर्वी असे वर्ग केले होते, त्यांनी बरेच सांगितले. धावपट्टीवर जाण्याचे मार्ग तीन प्रकारचे असतात. शर्यतपटू घडविणाऱ्या प्रबोधिनींचा भर स्पर्धेवर असतो. दुसऱ्या प्रकारात धावपट्टी दिवसभरासाठी भाड्याने घेतलेली असते. तेथे ज्याने त्याने आपली गाडी पळवावी, शिकविणारा कोणी असेलच असे नाही. तिसरी ती खरी शाळा. अमेरिकेत कीथ कोड नावाच्या शिक्षकाने १९८० मध्ये कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल काढली आणि मोटारसायकलचे शिक्षण पायऱ्यापायऱ्यांनी देण्याची पद्धत रूढ केली. त्या शाळेचे वर्ग आपल्याकडे चेन्नईच्या धावपट्टीवर भरत आले आहेत, आणि इतर अनेक शिक्षकांनीही तोच धडा गिरविला आहे. मातीच्या वाटेवर शिकावयाचे असेल, तर बंगळूरचेच सी. एस. संतोष यांनी कोलारकडे त्यासाठी मैदान उभारले आहे. २०१५ साली डकारची खडतर शर्यत पुरी करणारे ते पहिले भारतीय. कोइमतूरलाही एस. करिवर्धन यांच्या स्मरणार्थ नाव दिलेली धावपट्टी आहे.

ज्या कुटुंबात असा हट्ट धरणारा मुलगा वा मुलगी असेल, त्यांच्यासाठी आम्ही विचारलेले प्रश्न येथे नमूद करते. एका शिक्षकामागे विद्यार्थी किती? नवशिक्यांचा गट वेगळा सोडतात काय? फेरीची वेळ मोजतात काय? (मोजत असतील, तर तो वर्ग पहिल्या दिवसासाठी नव्हे.) एकमेकांना मागे टाकण्याचे नियम कोणते? धावपट्टीवर रुग्णवाहिका व डॉक्टर हजर असतात काय? स्वतःची साधी गाडी चालते काय, आणि चामड्याचा पोशाख, हातमोजे, बूट भाड्याने मिळतात काय? या प्रश्नांची सरळ उत्तरे जेथे मिळाली नाहीत, ती नावे आम्ही खोडली. शेवटी एक नाव उरले. शुल्क भाच्याच्या पगाराच्या मानाने हलके नव्हते. निम्मे मी दिले, आणि ताईला मात्र "एक काम उरले आहे, दोन दिवस उशीर होईल" एवढेच कळविले. ते अर्धसत्य मला प्रवासभर टोचत होते.

नकाशा पाहिला तेव्हा एक गंमत ध्यानात आली. कोल्हापुरावरून पीण्यात येणारा जो महामार्ग, तोच पुढे वेल्लूर, कांचीपुरमच्या बाजूने चेन्नईस जातो, आणि धावपट्टी त्याच्याच कडेला इरुंगाट्टुकोट्टई येथे आहे. म्हणजे ताईच्या घराजवळून निघालेली वाटच आम्हांस तेथे नेणार होती! भाचा आपल्या सहकाऱ्यासह पहाटे गाडीवरून निघाला, मी बसने. श्रीपेरुंबुदूर ही रामानुजाचार्यांची जन्मभूमी. आज तिच्या भोवताली मोटारींचे कारखाने उभे आहेत. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब ही १९५३ साली स्थापन झालेली संस्था पूर्वी शोलावरमच्या युद्धकाळातील जुन्या विमानतळावर शर्यती भरवीत असे. पुढे तिने स्वतःची जागा घेऊन ही धावपट्टी बांधली. लांबी ३.७ किलोमीटर, वळणे बारा.

सकाळी सातला गाड्यांची तपासणी झाली. टायर, ब्रेक, साखळी पाहिली. आरसे काढले, दिव्यांच्या काचांवर चिकटपट्टी लावली, कारण काच फुटून धावपट्टीवर पसरू नये. नंतर निशाणांचा पाठ झाला. पिवळे म्हणजे पुढे धोका, लाल म्हणजे सत्र थांबले, काळे म्हणजे तू परत ये, चौकटींचे म्हणजे सत्र संपले. मी मागच्या बाकावर बसून सारे टिपून घेत होते. वर्गात चार मुलीही होत्या. बंगळूरच्याच ऐश्वर्या पिस्से हिने २०१९ मध्ये बाहा शर्यतींच्या विश्वचषकात महिला गटाचे विजेतेपद मिळविले, तेव्हापासून दक्षिणेतील मुलींना या खेळाचे दार आपल्यासाठीही उघडे आहे असे वाटू लागले असल्यास नवल नाही.

पहिल्या सत्रात शिक्षकांनी सांगितले, "एकच गिअर ठेवा आणि ब्रेकला हात लावू नका." मी दचकलेच! पण त्यामागचे कारण साधे होते. ब्रेक नाही म्हटल्यावर वेग आपोआप आटोक्यात राहतो, आणि मनाला एकाच गोष्टीकडे लक्ष देता येते. ती गोष्ट म्हणजे, वळणात एकदा शिरल्यावर मूठ हळूहळू, अखंड उघडत नेणे. मूठ एकदम सोडली वा ब्रेक दाबला की भार पुढच्या चाकावर कोसळतो, आणि कललेल्या गाडीच्या टायरची पकड, जी आधीच वळण्यात खर्ची पडलेली असते, ती अपुरी पडते. भाचा माझ्याकडे वळून पाहू लागला. त्या रात्री काय झाले होते, ते त्याला या एका वाक्यात समजले होते.

पुढचे धडेही असेच. उजवीकडे वळावयाचे तर उजवी मूठ किंचित पुढे ढकलावयाची. ऐकावयास उलटे वाटते, पण चालत्या दुचाकीचा हाच धर्म आहे. वळण कोठे सुरू करावयाचे, ती जागा आधी हेरून ठेवावयाची. आणि सर्वांत महत्त्वाचे, नजर. डोळे जेथे जातात तेथे गाडी जाते. ज्याने खड्ड्याकडे पाहिले तो खड्ड्यात जातो. ज्याने वळणाच्या पलीकडची वाट पाहिली, तो त्या वाटेने निघून जातो.

वीस मिनिटे धावपट्टीवर, मग शिक्षकांशी बोलणे, मग पुन्हा वर्ग, असा दिवसभर क्रम चालला. भाचा पहिल्या फेरीत ताठरलेला होता, खांदे कानांपर्यंत चढलेले. तिसऱ्या सत्रात एका लांब वळणातून तो सावकाश, पण न डगमगता बाहेर पडला, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आले. वेगाने जाणारे पुष्कळ होते. तो वेगाने जात नव्हता. तो घाबरत नव्हता, एवढेच. दुपारी एक मुलगा घसरला. लाल निशाण लागले, क्षणात रुग्णवाहिका पोहोचली. खरचटण्यापलीकडे काही झाले नव्हते, पण मला ताईची आठवण झाली. ही विद्या निर्धोक आहे असे मी कोणालाही सांगणार नाही.

समारोपाच्या वेळी शिक्षक म्हणाले, "आज जे शिकलात ते रस्त्यावर वेगासाठी वापरायचे नाही. रस्त्यावर समोरून मालमोटार येते, वाळू असते, गुरे असतात. इथे शिकलेला माणूस तिथे हळू जातो, कारण त्याला आता काय काय बिघडू शकते ते ठाऊक असते."

रात्री मी ताईला फोन केला आणि सारे खरे सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "म्हणजे तो पुन्हा पडणार नाही?"

"तसे वचन कोणी देऊ शकत नाही, ताई," मी म्हटले. "पण तो का पडला ते त्याला आता कळले आहे. परवापर्यंत ते त्यालाही कळले नव्हते आणि आपल्यालाही."

पुन्हा शांतता. मग तिने अटी घातल्या. पावसात रात्रीची गाडी काढावयाची नाही, पाळी सुटल्यावर मेट्रोने घरी जावयाचे, आणि दर रविवारी फोन करावयाचा. भाच्याने फोन माझ्या हातून घेतला. "सगळे मान्य, आई. माझीही एक अट आहे. बाबा शिरोलीहून घरी हेल्मेट न घालता येतात, ते उद्यापासून बंद."

मागून भावोजींचे खाकरणे मला स्पष्ट ऐकू आले.

गाडी विकली गेली नाही. दिलेला शब्द मी पाळला नाही, याची रुखरुख आहे. परतताना पुन्हा त्याच महामार्गाने आले. पहाटे तवंदी घाटाच्या वळणांवर जाग आली, तेव्हा नकळत मी पुढच्या काचेतून पाहू लागले, दरीकडे नव्हे, वळणाच्या पलीकडे वाट कोठे निघते तिकडे.