कंडरा आणि रोशाचे तेल

तुर्भ्याच्या मसाला बाजारातील माथाडी कामगार माझ्या वाशीच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढू लागले, की त्यांच्या आधी त्यांचा गंध आत येतो: कपड्यांवर बसलेली मिरची-हळदीची धूळ आणि टाचेला चोळलेल्या तेलाचा उग्र दर्प. भौतिकोपचाराच्या व्यवसायात मी या दर्पावरून तेल ओळखावयास शिकले आहे. आयोडेक्सच्या डबीची आठवण झाली तर ते गंधपुऱ्याचे, नाक मोकळे झाले तर निलगिरीचे, आणि गुलाबाचा भास होऊन त्यामागे गवताचा हिरवा तिखटपणा जाणवला तर आमच्या खानदेशातील रोशा गवताचे.

या रोशाविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटते. पावसाळा सरता सरता नंदुरबार-धुळ्याकडील डोंगरउतारांवर हे गवत फुलोऱ्यास येते, आणि ओढ्याकाठी भट्टी लावून, हंड्यात ते उकळून, त्याची वाफ नळीवाटे थंड पाण्यातल्या भांड्यात उतरवण्याची वहिवाट तिकडे फार जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात हेच तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या वाटेने तुर्कस्तानात जाई आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी खपे, कारण गुलाबात असणारे जिरॅनिऑल या गवतात विपुल असते. आमच्या घरी मात्र ते आजीच्या फडताळात, खोबरेलात मिसळून, गुडघ्यांसाठी ठेवलेले असे.

हे तेल चोळलेल्या टाचेत दुखत असते ती कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर. सुश्रुताने शरीरात अशा सोळा कंडरा मोजल्या. आमचे रुग्ण तिला सरसकट ‘शीर’ म्हणतात, आणि शीर म्हटले की रक्ताची नळी डोळ्यांपुढे येते. वस्तुतः कंडरेचे दैन्य हेच, की तिच्या वाट्याला रक्त फार थोडे येते. टाचेच्या हाडापासून दोन ते सहा सेंटिमीटर वरचा भाग तर या बाबतीत अगदी दरिद्री, आणि पन्नास किलोची गोण पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकात चढणाऱ्या माणसाचा सारा ताण नेमका त्याच भागातून जातो. म्हणून इजा झाली, की काही दिवस दाह, मग काही आठवडे घाईने विणलेले अस्ताव्यस्त तंतू, आणि पुढे कित्येक महिने ते ताणाच्या दिशेने सरळ व बळकट होणे, एवढी मुदत निसर्ग मागून घेतो.

तेलाने ही मुदत घटत नाही. पुदिन्यातील मेंथॉल त्वचेतील थंडी जाणणाऱ्या चेतातंतूंना जागे करते, आणि त्या गर्दीत वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत क्षीण होऊन पोचतो. जिरॅनिऑलचा दाहशामक गुण प्रयोगशाळेतील उंदरांत दिसला आहे. तथापि माणसाचे तुटलेले तंतू तेलाने सांधले गेल्याचा भक्कम दाखला नाही, हे मी प्रत्येकास स्पष्ट सांगते. गंधपुऱ्याबाबत तर अधिकच सावध करते, कारण त्याचा पाच मिलिलिटरचा घोट म्हणजे वीसहून अधिक ॲस्पिरिनच्या गोळ्या. बाटली मुलांच्या हाती लागू नये, आणि रक्त पातळ करणारी वॉरफेरिनची गोळी घेणाऱ्याने ते चोळू नये.

पाटण तालुक्यातील एका कामगाराच्या बाबतीत माझ्याकडून चूक झाली, तिची बोच अद्याप गेलेली नाही. तेलाने आठवड्यात दुखणे थांबले. ‘मॅडम, आता टाच गप हाय बघा,’ असे तो म्हणाला, आणि एका पायाच्या चवड्यावर त्याला किती वेळा उठता येते हे न पाहताच मी त्याच्या कामावर जाण्यास रुकार दिला. पाचव्या दिवशी फळीवर शीर तुटली. वेदना ही कंडरेची फिर्याद असते, आणि मी ती दप्तरी दाखल न करताच निकालात काढली होती.

आता जुनाट दुखण्यास, कंडरा तुटलेली नसल्याची खात्री करून, मी स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली मांडलेला व्यायाम देते: पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाच सावकाश खाली सोडायची, पंधराच्या तीन फेऱ्या गुडघा सरळ ठेवून, तीन वाकवून, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. टोळीच्या मुकादमास हलक्या कामासाठी चिठ्ठीही लिहिते. तेल मी बंद करीत नाही, कारण पहिल्या पंधरवड्यात टाच खाली सोडण्याचे धैर्य पुष्कळांना त्या चोळण्यानेच येते. काल संध्याकाळी दवाखान्याच्या शेवटच्या पायरीवर एक कामगार कठडा धरून उभा होता. पोटरीवर रोशाचे तेल चमकत होते, आणि तो मोठ्याने मोजत होता, तेरा, चौदा.